म्हसरूळला १८० चौरस मीटरच्या प्लॉटवर घर बांधायचे आहे. महापालिकेकडे अर्ज करण्याआधी काय तपासून घ्यावे?

प्रश्न – म्हसरूळची शिक्षिका

नमस्कार. नाशिकच्या म्हसरूळ शिवारात माझ्या सासऱ्यांनी १९९४ साली मंजूर अभिन्यासातला (लेआउटमधला) एक प्लॉट घेतला होता. कागदावर तो १२ मीटर रुंद आणि १५ मीटर खोल, म्हणजे १८० चौरस मीटरचा आहे. समोरचा रस्ता अभिन्यासात ७.५ मीटरचा दाखवलेला आहे. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले आणि आता सातबाऱ्यावर सासूबाई, माझे पती आणि माझ्या नणंदबाई अशा तिघांची नावे वारस म्हणून लागली आहेत. तळमजला आणि त्यावर एक मजला असे साधारण १७० चौरस मीटर बांधकामाचे घर आम्हाला हवे आहे.

आम्ही ज्या ठेकेदारांशी बोललो ते म्हणतात की नव्या नियमांत लहान प्लॉटला परवानगी लागतच नाही, नकाशा दाखल करून पावती घेतली की झाले. शिवाय साठ दिवसांत महापालिकेचे उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असेच धरायचे असते, त्यामुळे अक्षय्य तृतीयेला खोदकाम सुरू करायला हरकत नाही. सासूबाईंचीही मुहूर्त साधावा अशी फार इच्छा आहे. पण मी स्वतः टेप घेऊन मोजले तेव्हा मागच्या शेजाऱ्यांच्या कंपाउंडपर्यंत खोली १४.२० मीटरच भरली. टेप कुठून धरली यात माझी चूक असू शकेल, तरी मनात पाल चुकचुकली ती काही जात नाही.

माझे प्रश्न असे आहेत. आमच्या प्लॉटला पावतीवर काम सुरू करता येईल का? खोली खरोखर कमी असेल तर अर्जावर त्याचा काय परिणाम होईल? नणंदबाई पुण्याला असतात, त्यांची संमती तोंडी आहे, ती पुरेशी आहे का? शुल्कापोटी किती रक्कम बाजूला ठेवावी? समोरच्या बाजूला एक मोठा कडुनिंब आहे, तो आराखड्याच्या आड येतो आहे. ज्यांनी नाशिकमध्ये अलीकडे स्वतःचे घर बांधले आहे किंवा या क्षेत्रात ज्यांचे काम आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – परवानाधारक अभियंता, पंचवटी

ताई, आपण टेप घेऊन प्लॉट मोजलात हे फार चांगले केलेत. घराच्या परवानगीची बहुतेक प्रकरणे जिथे अडतात ती जागा हीच आहे, आणि मालकाला ती सहसा फार उशिरा, त्रुटीचे पत्र हातात पडल्यावर कळते.

पावतीबद्दल आधी सांगतो. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली आणि नाशिक महापालिकेचे क्षेत्रही तिच्याखाली येते. तिच्यात कमी जोखमीची म्हणून जी सवलत आहे ती १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला आहे. तिथेही परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या सहीचा, नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क दाखल करावेच लागते, आणि त्याची पावती हीच परवानगी समजली जाते. वर्तमानपत्रांत ‘पंधराशे फुटांपर्यंत परवानगी नको’ असे मथळे आले, त्यांतला हा अर्धा भाग लोकांच्या लक्षात राहिला आणि नकाशाचा, सहीचा, शुल्काचा भाग विसरला गेला. आपला प्लॉट १८० चा आहे. तो त्यापुढच्या, म्हणजे १५० ते ३०० चौरस मीटरच्या गटात येतो, जिथे कागदपत्रे पूर्ण असतील तर दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. तेव्हा आपल्याला बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात घेऊनच काम सुरू करावे लागेल. दहा दिवस हे मात्र परिपूर्ण प्रस्तावाचे आहेत. मोजणी, वारसांच्या सह्या आणि थकबाकी नसल्याचा दाखला यांतले एक जरी कमी असले तरी प्रस्ताव परत येतो आणि पुन्हा दाखल करावा लागतो.

आता खोलीचा प्रश्न. अर्जासोबतच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात मालकीच्या कागदावरचे क्षेत्र, मोजणी नकाशावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागेवरचे क्षेत्र अशी तिन्ही लिहायची असतात आणि त्यांतले जे सर्वांत कमी असेल तेच हिशोबाला धरले जाते. खोली १४.२० मीटर असेल तर आपला प्लॉट १७०.४० चौरस मीटरचा धरला जाईल. नऊ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते) १.१० आहे, म्हणजे सुमारे १८७ चौरस मीटर बांधकाम त्यातच बसते, आणि अधिमूल्य (प्रीमियम) भरून घ्यायचे निवासी वापराचे ६० टक्क्यांपर्यंतचे अनुषंगिक क्षेत्र वेगळे. आपल्याला १७० हवे आहे, त्यामुळे चटई क्षेत्राची आपल्याला अडचण नाही. अडचण येईल ती सामासिक अंतरांची, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या मार्जिनची. मागची हद्द ८० सेंटीमीटर पुढे सरकली की मागचे मार्जिनही तेवढेच पुढे सरकते, आणि पुढच्या बाजूने रस्ता आहेच.

त्या रस्त्याविषयी नाशिकच्या माणसाने जास्त सावध राहावे असे माझे मत आहे. आपल्या शहरातल्या जुन्या अभिन्यासांत सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते पुष्कळ आहेत. २०१७ साली विकास आराखडा मंजूर झाला त्या सुमारास ‘कपाटा’चा प्रश्न गाजला होता, तो आपण वाचला असेल. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली, चटई क्षेत्रात न मोजलेली जागा प्रत्यक्षात खोलीत घेतली गेली, अरुंद रस्त्यांमुळे वाढीव चटई क्षेत्र घेऊन ती नियमित करण्याची वाटही बंद होती, आणि अनेक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. त्यावर तोडगा म्हणून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली असे रस्ते नऊ मीटरचे करण्याचा मार्ग पुढे आला, ज्यात रुंदीकरणासाठी रस्त्याकडची पट्टी सोडावी लागते. आपल्या रस्त्याबाबत अशी रेषा ठरली आहे का, हे नगररचना विभागात आधी विचारून घ्या. साडेसाताचे नऊ मीटर दोन्ही बाजूंनी सारखे केले तर आपली ७५ सेंटीमीटरची पट्टी जाते, प्लॉटची खोली १३.४५ मीटर उरते आणि पुढचे मार्जिन नव्या रेषेपासून मोजले जाते. हे आज कळले तर जिना आणि स्वयंपाकघर कागदावर हलवता येते; जोते (घराचा चौथरा) झाल्यावर कळले तर काहीच हलवता येत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी मोजणी करावी आणि नकाशा नंतर काढावा. भूमी अभिलेखच्या उप अधीक्षक कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्या. तो आता ऑनलाइनही देता येतो. मोजणीनंतर मिळणारी ‘क’ प्रत वास्तुविशारदाच्या हातात द्या आणि तिच्यावरच आराखडा बसवून घ्या. माझ्याकडे येणारे बरेच लोक याच्या अगदी उलट करतात, आवडता नकाशा आधी काढून घेतात आणि मग जमीन त्यात बसते का ते पाहतात.

कागदपत्रांत चालू सातबारा, खरेदीखत, मंजूर अभिन्यासाची प्रत, अकृषिक आदेश, भाग नकाशा (विकास आराखड्यातला आपल्या जागेचा भाग) आणि झोन दाखला, मोजणीची ‘क’ प्रत, घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र एवढे तरी लागेल. १९९४ च्या अभिन्यासाचा अकृषिक आदेश मूळ मालकाच्या नावाचा असतो आणि प्लॉटधारकाकडे बहुधा त्याची प्रत नसते. त्याच अभिन्यासात ज्यांनी आधी घर बांधले आहे त्यांच्याकडे विचारा, बऱ्याचदा तिथेच मिळून जाते. भाग नकाशा हातात आला की वाघाडीची किंवा एखाद्या नाल्याची पूररेषा आपल्या बाजूला येते का तेही पाहून घ्या. सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुराच्या निळ्या आणि लाल रेषेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. अर्ज वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता यांच्यामार्फत बीपीएमएस या ऑनलाइन प्रणालीवर जातो, पण प्रणालीवर काय चढवले गेले आहे ते आपण स्वतः डोळ्यांखालून घाला. आपल्या नावाने काय सांगितले गेले आहे ते मालकाला माहीत असलेच पाहिजे.

शुल्काचा अंदाज असा काढता येईल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२४-ब खालचा विकास आकार निवासी वापरासाठी जमिनीवर रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) जमीनदराच्या अर्धा टक्का आणि बांधकामावर त्याच दराच्या दोन टक्के हा मूळ दर आहे. उदाहरणादाखल समजा की तुमच्या भागाचा दर चौरस मीटरला १०,००० रुपये आहे. मग १८० चौरस मीटर जमिनीचे ९,००० आणि १७० चौरस मीटर बांधकामाचे ३४,००० असे ४३,००० रुपये होतात. खरा दर मुद्रांक विभागाच्या तक्त्यात पाहून हाच हिशोब पुन्हा करा. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च दहा लाखांच्या वर गेला तर बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर येत असे; नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांची झाली आहे.  यांशिवाय छाननी शुल्क आणि अनामत असते.

कडुनिंबाला हात लावण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण पुढच्या मार्जिनमध्ये झाड राहू शकत असेल तर ते राहू द्यावे, असे मी माणूस म्हणून सुचवतो. पश्चिमेचे ऊन अडवणारा वाढलेला कडुनिंब नवीन घराला पैसे देऊनही मिळत नाही.

उत्तर २ – इंदिरानगरचा रहिवासी

वरच्या उत्तरात नियम व्यवस्थित आले आहेत, म्हणून मी फक्त आमच्यावर जे गुदरले ते सांगतो. आमची परवानगी वेळेत मिळाली होती, नकाशा मंजूर होता, बँकेचे कर्जही त्याच नकाशावर मिळाले. आम्ही दोघेही नोकरीला, त्यामुळे जागेवर दररोज जाणे होत नसे. लाईनआऊटच्या, म्हणजे जागेवर चुन्याने घराची आखणी करण्याच्या दिवशी ठेकेदाराने जिना घराच्या आत घेण्याऐवजी बाजूच्या मार्जिनमध्ये काढला, कारण त्यामुळे हॉल तीन फुटांनी मोठा होतो असे त्याने माझ्या वडिलांना पटवले. वडिलांनी विश्वासाने होकार दिला. जोते तपासणीचा दाखला घ्यायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

घर उभे राहिले, वास्तुशांत झाली, आणि पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज केला तेव्हा पाहणीत तो जिना मंजूर नकाशाबाहेर असल्याचे नोंदवले गेले. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही. पुढे घरपट्टीच्या बिलात महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खालची शास्ती (दंड) लागून आली, जी मालमत्ता कराच्या दुप्पट असते, आणि ती कराशिवाय वेगळी भरायची असते. शेवटी दोन वर्षांनी आम्ही तो जिना तोडला आणि हॉलच्या एका कोपऱ्यातून नवा काढला. जिना तोडला जात होता त्या दिवशी वडील घराबाहेर पडून सबंध दुपार देवळात जाऊन बसले होते. पैशांपेक्षा ते मला जास्त लागले.

म्हणून ताई, लाईनआऊटच्या दिवशी रजा काढा. मंजूर नकाशाची छापील प्रत आणि टेप घेऊन स्वतः उभ्या राहा, चुन्याच्या रेषा चारही हद्दींपासून मोजा, आणि अभियंत्याला त्या दिवशी जागेवर बोलवा. जोत्यापर्यंत काम आले की तपासणीचा दाखला मिळेपर्यंत भिंतीची एक वीटही वर जाऊ देऊ नका. ठेकेदार घाई करेल, कारण त्याचे मजूर बसून राहतात. ती घाई त्याची असते, दाखला मात्र तुमच्या नावाचा असतो.

उत्तर ३ – वकील, नाशिक रोड

साठ दिवसांच्या मुद्द्यावर गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज दिल्यावर कलम ४५ प्रमाणे प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असे मानले जाते, हे खरे आहे. पण ही मानीव परवानगी नियमांशी सुसंगत असलेल्या प्रस्तावालाच मिळते. मार्जिन कमी असलेला नकाशा साठ दिवस पडून राहिला म्हणून तो कायदेशीर होत नाही, आणि मधल्या काळात त्रुटीचे पत्र आले असेल तर प्राधिकरण गप्प होते असेही म्हणता येत नाही. परवानगी नाकारली गेली तर कलम ४७ खाली चाळीस दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. तो मार्ग लांबचा असला तरी सरळ आहे. परवानगीशिवाय खोदकाम सुरू केले तर मात्र कलम ५२ आणि ५३ यांचा प्रश्न उभा राहतो, म्हणजे शिक्षेची तरतूद आणि बांधकाम काढून टाकण्याची नोटीस. मुहूर्त साधायचाच असेल तर भूमिपूजन करा, नारळ वाढवा, कुदळीची पूजा करा. त्याला कोणतीही परवानगी लागत नाही. चर खणणे हे बांधकाम आहे.

आता सह्यांचे. सातबाऱ्यावर तिघांची नावे आहेत म्हणजे मालक तिघे आहेत आणि अर्जावर तिघांच्या सह्या लागतील. तोंडी संमतीला नस्तीत (फाइलमध्ये) जागा नसते. आपल्यापुढे दोन वाटा आहेत. नणंदबाईंना आपला हिस्सा कायम ठेवायचा असेल तर त्यांनी आपल्या पतींच्या किंवा सासूबाईंच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यावे आणि अर्जाचे काम त्यावर चालवावे. त्या खरोखर स्वखुशीने हिस्सा सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे आणि त्याची फेरफार नोंद सातबाऱ्यावर आल्यानंतरच अर्ज करावा. केवळ परवानगी लवकर मिळावी म्हणून एखाद्या बहिणीकडून घाईने हक्कसोड करून घेणे मला अजिबात योग्य वाटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या भावा-बहिणींच्या दाव्यांत अशा घाईच्या सह्या वारंवार दिसतात. त्यांना कागद पाठवा, त्यांच्या स्वतःच्या वकिलाला दाखवायला सांगा आणि पुरेसा वेळ द्या.

बँकेचे कर्ज घेणार असाल तर तिथेही मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि सर्व मालकांच्या सह्या मागितल्या जातील, त्यामुळे हे काम तसेही टळणारे नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – म्हसरूळची शिक्षिका

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. आज संध्याकाळी सासूबाईंना सगळे वाचून दाखवले. इंदिरानगरच्या दादांनी वडिलांविषयी जे लिहिले ते ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की अक्षय्य तृतीयेला पूजा करू आणि खोदकाम कागद आल्यावर करू. नणंदबाईंशीही फोनवर बोलणे झाले. त्यांना हिस्सा ठेवायचा आहे आणि आम्हालाही तेच बरे वाटते, म्हणून मुखत्यारपत्र करण्याचे ठरले आहे. कडुनिंब ठेवायचा, असेही सासूबाईंनी परस्पर जाहीर करून टाकले.

एकच शंका उरते. मोजणीत खोली खरोखरच १४.२० निघाली तर मागच्या शेजाऱ्यांशी वाद होईल का? ते सासऱ्यांचे जुने स्नेही आहेत, आणि ८० सेंटीमीटरसाठी तो संबंध तुटावा असे आमच्यापैकी कोणालाच वाटत नाही.

उत्तर – परवानाधारक अभियंता, पंचवटी

ताई, कंपाउंड त्यांनी तुमच्या हद्दीत घातले आहे असे आत्ताच धरून चालू नका. जुन्या अभिन्यासांत एका टोकाच्या प्लॉटची रेषा चुकली की ती पुढच्या चार-पाच प्लॉटना सरकत जाते, आणि अशा वेळी दोष मागच्यांचा नसून संपूर्ण रांगेचा असतो. किंवा तुमच्या समोरचा रस्ता जागेवर साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंद झालेला असेल आणि कमी पडणारी जागा पुढच्या बाजूला गेलेली असेल. टेप रस्त्याच्या कडेपासून धरली होती की जुन्या हद्दीच्या दगडापासून, यावर ते अवलंबून आहे.

मोजणीच्या वेळी लगतच्या धारकांना नोटीस जातेच, पण ती पोचण्याआधी आपण घरी जाऊन त्यांना सांगा की आम्ही घर बांधतो आहोत, मोजणी लावली आहे, आपण त्या दिवशी हजर राहावे. अचानक हातात नोटीस पडली की स्नेह्यांच्याही मनात शंका येते. मोजणी झाल्यावर फरक त्यांच्याच बाजूचा निघाला तर दोन मार्ग आहेत: त्यांनी कंपाउंड सरकवणे, किंवा आपण कमी क्षेत्र धरून नकाशा काढणे. तुमची गरज १७० चौरस मीटरची आहे आणि कमी क्षेत्रावरही चटई क्षेत्र पुरते, त्यामुळे दुसरा मार्ग तुम्हाला मोकळा आहे. मात्र त्या पट्टीवरचा हक्क सोडायचा की राखायचा, हे वकीलसाहेबांना विचारून लेखी ठरवून घ्या.

मोजणीच्या आधी दोन दिवस प्लॉटवरचे गवत आणि काट्याकुट्या काढून चारही कोपरे मोकळे करा आणि जुना हद्दीचा दगड दिसला तर तो हलवू नका. नवीन खुणा झाल्या की त्याच दिवशी प्रत्येक कोपऱ्याचा, शेजारची भिंत किंवा विजेचा खांब दिसेल असा फोटो काढून ठेवा. ‘क’ प्रत हातात आल्यावर मला इथे कळवा. मार्जिन कसे बसतात ते आपण आकड्यांवरून पाहू.